सर्व्हर रुसलाय? आधी त्याचं म्हणणं ऐका!

‘मॉड्यूल लोड होत नाही’ असा एरर दिसला की निम्मी मंडळी सगळं उडवून पुन्हा पहिल्यापासून इन्स्टॉल करायला बसतात. खरं तर दहा मिनिटं शांतपणे वाचलं, तर कुठे बिघडलंय हे सर्व्हर स्वतःच सांगतो.

हा सीन ओळखीचा वाटतोय का बघा. मिनी प्रोजेक्टचं सबमिशन परवावर आलंय. लॅपटॉपवर उबुंटू टाकून झालंय, अपाची झालं, पीएचपी झालं. व्हिडिओत दाखवल्याप्रमाणे एकेक कमांड इमानेइतबारे कॉपी केलीत. आणि शेवटी सर्व्हर सुरू करायला गेलात, तर टर्मिनलवर एकच ओळ : ‘जॉब फॉर अपाची-टू डॉट सर्व्हिस फेल्ड’. झालं! ग्रुपवर स्क्रीनशॉट पडतो. कुणी म्हणतं, ‘रिस्टार्ट मार.’ कुणी म्हणतं, ‘अनइन्स्टॉल करून परत टाक.’ एखादा ज्ञानी सांगतो, ‘सगळ्या फोल्डरला सगळ्या परमिशन देऊन टाक.’ रात्रीचे दोन वाजतात, आणि सर्व्हर होता तिथेच असतो.

यात गंमत अशी की त्या ग्रुपमधल्या कुणीच एरर पूर्ण वाचलेला नसतो. इंग्रजीतल्या चार लांबलचक ओळी दिसल्या की आपला हात आपोआप कॉपी-पेस्टकडे जातो. पण लिनक्सवरच्या वेब सर्व्हरचे मॉड्यूलचे एरर हे मोजक्याच प्रकारचे असतात आणि प्रत्येकाचा अर्थ ठरलेला असतो. तो एकदा कळला की पुढच्या वेळी ग्रुपवर स्क्रीनशॉट टाकावा लागणार नाही. उलट दुसऱ्यांचे स्क्रीनशॉट तुमच्याकडे येतील.

(कमांड आणि एरर इथे उच्चाराप्रमाणे मराठी अक्षरांत दिलेत. टाइप करताना ते अर्थातच इंग्रजीत आणि लहान लिपीत टाकायचे.)

मॉड्यूल म्हणजे मंडळाने बोलावलेलं पथक

थोडी पार्श्वभूमी. १९९५ साली काही प्रोग्रामर मंडळींनी ‘एनसीएसए’ या संस्थेचा जुना वेब सर्व्हर घेतला आणि त्यात दुरुस्त्या करत अपाची उभा केला. त्याच वर्षी रॉबर्ट थाऊ यांनी त्याची आतली रचना नव्याने बांधली. मधला गाभा छोटा ठेवायचा आणि बाकीची कामं सुट्या भागांकडे द्यायची, अशी ती कल्पना. १ डिसेंबर १९९५ ला अपाचीची १.० आवृत्ती आली ती याच रचनेवर. हे सुटे भाग म्हणजेच मॉड्यूल.

आपल्या भाषेत सांगायचं तर गाभा म्हणजे गणपती मंडळाचे चार कार्यकर्ते. ढोल-ताशा पथक वेगळं, लाइटवाला वेगळा, मांडववाला वेगळा. ज्या वर्षी ज्याची गरज, त्याला सुपारी द्यायची. अपाचीत ही सुपारी ‘लोडमॉड्यूल’ नावाच्या ओळीने दिली जाते. त्या ओळीत दोनच गोष्टी असतात : मॉड्यूलचं नाव आणि त्याच्या फाइलचा पत्ता. या फाइलचं शेवटचं नाव ‘डॉट एसओ’ असतं, म्हणजे शेअर्ड ऑब्जेक्ट. वेबसाइटची लिंक नीटनेटकी दाखवायला ‘रीराइट’ मॉड्यूल, ‘एचटीटीपीएस’साठी ‘एसएसएल’ मॉड्यूल, पीएचपी चालवायला पीएचपीचं मॉड्यूल, असा हा कारभार.

सर्व्हर सुरू होताना ही यादी वरून खाली वाचतो. यादीतलं एक जरी पथक आलं नाही, तर मिरवणूक निघतच नाही. अपाची अर्धवट सुरू होत नाही, थेट बंद पडतो. त्यामुळे आपल्याला वाटतं की सगळंच गेलं. प्रत्यक्षात एक ओळ चुकलेली असते.

आधी निदान, मग औषध

पहिलं काम म्हणजे ‘सुडो अपाची-टू-सीटीएल कॉन्फिगटेस्ट’ ही कमांड. ती सर्व्हर चालू न करता फक्त यादी तपासते. सगळं नीट असेल तर ‘सिंटॅक्स ओके’ असं उत्तर येतं. नसेल तर चूक कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीवर आहे तेही येतं. ‘जॉब फेल्ड’ या मोघम ओळीपेक्षा हे शंभरपटीने कामाचं.

दुसरं, लॉग. उबुंटू आणि डेबियनवर तो ‘व्हार’ फोल्डरमधल्या ‘लॉग’मध्ये, ‘अपाची-टू’ या फोल्डरात ‘एरर डॉट लॉग’ नावाने असतो. ‘टेल’ कमांडने त्याच्या शेवटच्या ओळी बघा. त्याने भागलं नाही, तर ‘जर्नलसीटीएल’ आहेच.

आता वाचायचं कसं, ते बघू. उबुंटू २०.०४ वरून २२.०४ वर गेलेल्या मशीनवर कधीकधी असा एरर येतो : अपाचीच्या मुख्य फाइलमध्ये १४६ व्या ओळीवर सिंटॅक्स एरर, पुढे लगेच ‘पीएचपी ७.४ डॉट लोड’ या फाइलमध्ये ३ ऱ्या ओळीवर सिंटॅक्स एरर, आणि शेवटी ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’. बहुतेक जण पहिला आकडा बघून मुख्य फाइल उघडतात आणि १४६ व्या ओळीची वाट लावतात. पण ती ओळ बिचारी निर्दोष असते. ‘चालू मॉड्यूलच्या फोल्डरमधल्या सगळ्या फाइल वाच’ एवढंच ती सांगते. खरा आरोपी दुसरा : ‘पीएचपी ७.४ डॉट लोड’. आणि गुन्हा काय, ते सगळ्यात शेवटी लिहिलेलं असतं.

म्हणून नियम सोपा. असा लांबलचक एरर शेवटाकडून वाचा. आधी शेवटचं वाक्य, मग त्याआधीचं फाइलचं नाव, मग ओळीचा आकडा.

पाच तक्रारी, पाच अर्थ

१. ‘नो सच फाइल ऑर डिरेक्टरी’ : पत्त्यावर कुणीच नाही. सुपारी दिली, पण पथकाने जागाच सोडली. वरचं उदाहरण याच प्रकारातलं. उबुंटू २०.०४ सोबत पीएचपी ७.४ येतं आणि २२.०४ सोबत ८.१. अपग्रेडमध्ये जुनी ‘एसओ’ फाइल गेली, पण तिला बोलावणारी ओळ तशीच राहिली. उपाय दोन कमांडचा. ‘ए-टू-डिस-मॉड पीएचपी ७.४’ म्हणजे जुन्याला रजा, आणि ‘ए-टू-एन-मॉड पीएचपी ८.१’ म्हणजे नव्याला बोलावणं. (नवं मॉड्यूल मशीनवर नसेल, तर अपाचीसाठीचं पीएचपीचं पॅकेज आधी टाकून घ्या.) मग सर्व्हर रिस्टार्ट.

पण इथे एक फसवी जागा आहे. फाइल डोळ्यांसमोर दिसत असूनही कधीकधी हाच एरर येतो. अशा वेळी ओळीच्या सुरुवातीला कुठल्या फाइलचं नाव आहे ते पुन्हा बघा. अनेकदा मॉड्यूल जागेवर असतं, पण त्याला लागणारी दुसरी एखादी लायब्ररी नसते. म्हणजे पथक आलं, पण ताशा घरी राहिला. ‘एलडीडी’ ही कमांड त्या ‘एसओ’ फाइलवर चालवा. जी लायब्ररी सापडत नाही तिच्यासमोर ‘नॉट फाउंड’ असं लिहून येईल. ती ज्या पॅकेजमध्ये आहे ते टाकलं की प्रश्न मिटला.

२. ‘इनव्हॅलिड कमांड’ : बोलावलंच नाही. ‘इनव्हॅलिड कमांड रीराइटइंजिन, परहॅप्स मिसस्पेल्ड...’ हा एरर कॉलेज प्रोजेक्टमध्ये सगळ्यात जास्त भेटणारा. तुम्ही रीराइट मॉड्यूलला काम सांगताय, पण त्याला सुपारी दिलेलीच नाही. ‘ए-टू-एन-मॉड रीराइट’, रिस्टार्ट, विषय संपला. ‘एसएसएलइंजिन’बद्दल तक्रार असेल तर त्याच पद्धतीने एसएसएल.

याच एररची एक जुनी आवृत्तीही आहे : ‘इनव्हॅलिड कमांड ऑर्डर’. हा आला की समजायचं, आपण पुराणकाळातल्या ट्युटोरियलमधून कॉपी केलंय. ‘ऑर्डर’, ‘अलाउ फ्रॉम’ ही अपाची २.२ ची भाषा. २०१२ मध्ये आलेल्या २.४ पासून त्या जागी ‘रिक्वायर ऑल ग्रँटेड’ असं लिहितात. जुनी भाषा समजणारं एक मॉड्यूल २.४ मध्येही मिळतं, पण नव्या प्रोजेक्टमध्ये नवी भाषाच वापरा.

लक्षात ठेवा, हाच शब्द ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइलमध्ये असेल तर सर्व्हर छान सुरू होतो, ‘सिंटॅक्स ओके’ही म्हणतो, आणि ब्राउझरमध्ये पान उघडलं की ५०० चा एरर फेकतो. कारण ती फाइल सुरुवातीला वाचलीच जात नाही, पान मागितल्यावर वाचली जाते. अशा वेळी एरर लॉगमध्ये बघायचं.

आणि समजा रीराइट चालू आहे, ५०० पण नाही, तरी आतली पानं ४०४ देतायत? मग मॉड्यूलचा दोष नाही. उबुंटूच्या मूळ सेटिंगमध्ये वेबसाइटच्या फोल्डरसाठी ‘अलाउओव्हरराइड नन’ असं असतं, म्हणजे तुमची ‘एचटीअ‍ॅक्सेस’ फाइल वाचायचीच नाही असा आदेश. तुमच्या प्रोजेक्टच्या फोल्डरपुरतं तिथे ‘ऑल’ करा.

३. ‘कान्ट लोकेट एपीआय मॉड्यूल स्ट्रक्चर’ : नाव चुकलं. फाइल सापडली, उघडली, पण तुम्ही सांगितलेल्या नावाचं मॉड्यूल आत नाही. पीएचपीने इथे भल्याभल्यांना चकवलंय. ७ व्या आवृत्तीपर्यंत मॉड्यूलच्या नावात आकडा होता, ‘पीएचपी७ मॉड्यूल’ असा. ८ पासून आकडा गेला आणि नुसतं ‘पीएचपी मॉड्यूल’ राहिलं. जुनी ओळ उचलून फक्त फाइलचं नाव बदललंत, तर हा एरर पक्का.

४. ‘इज गार्बल्ड’ : आवृत्ती जुळत नाही. हा दिसायला सगळ्यात भयानक. ‘एक्स्पेक्टेड सिग्नेचर ४१५०३२३४’ वगैरे आकडे बघून घाम फुटतो. पण डिजिटल इलेक्ट्रॉनिक्समध्ये शिकलेली हेक्साडेसिमल आणि आस्कीची कोष्टकं आठवा. हेक्समध्ये ४१ म्हणजे ‘ए’, ५० म्हणजे ‘पी’, ३२ म्हणजे २ हा अंक आणि ३४ म्हणजे ४ हा अंक. जोडून वाचा : ए-पी-२-४. अपाची २.४! आणि मॉड्यूलकडून ४१५०३२३२ आलं असेल तर ते ए-पी-२-२, म्हणजे २.२ साठी बनवलेलं. थोडक्यात, जुन्या मंडळाचं पथक नव्या मंडळाकडे आलंय. उपाय एकच, तुमच्या आवृत्तीसाठी बनवलेलं मॉड्यूल टाका. भावंडासारखा आणखी एक एरर म्हणजे ‘राँग ईएलएफ क्लास’. ६४ बिटच्या सर्व्हरला ३२ बिटचं मॉड्यूल दिलं की तो येतो.

५. ‘थ्रेडेड एमपीएम’ची तक्रार : स्वभाव जुळत नाही. एकाच वेळी अनेक लोकांना पानं कशी वाढायची, हे एमपीएम नावाचं मॉड्यूल ठरवतं. ‘प्रीफोर्क’ पद्धतीत प्रत्येक पाहुण्यासाठी वेगळा वाढपी, ‘इव्हेंट’ पद्धतीत थोडे वाढपी बरीच पानं सांभाळतात. अपाचीत बसणारं नेहमीचं पीएचपी मॉड्यूल दुसऱ्या पद्धतीसाठी बनलेलं नसतं. म्हणून ‘इव्हेंट’ बंद करून ‘प्रीफोर्क’ चालू करायचं. दोन्ही एकदम चालू ठेवलीत तर ‘मोअर दॅन वन एमपीएम लोडेड’, दोन्ही बंद केलीत तर ‘नो एमपीएम लोडेड’. एक आणि एकच हवं. पुढे नोकरीत मात्र तुम्हाला ‘पीएचपी-एफपीएम’ भेटेल. त्यात पीएचपी अपाचीच्या बाहेर, वेगळ्या प्रोसेसमध्ये चालतं, आणि हे भांडणच उरत नाही.

टर्मिनलचं पीएचपी वेगळं, ब्राउझरचं वेगळं

सर्व्हर सुरू झाला, पण लॉगिनचं पान उघडलं की ‘कॉल टू अनडिफाइन्ड फंक्शन मायएसक्यूएलआय कनेक्ट’. इथे अपाचीची काही चूक नाही. पीएचपीला स्वतःचीही मॉड्यूल असतात, त्यांना एक्स्टेन्शन म्हणतात, आणि मायएसक्यूएलचं एक्स्टेन्शन वेगळ्या पॅकेजमध्ये येतं. ते टाकायचं आणि अपाची रिस्टार्ट करायचा.

तरीही हटत नसेल तर हा सापळा तपासा. ‘पीएचपी -एम’ या कमांडने टर्मिनलवर एक्स्टेन्शनची यादी दिसते. त्यात मायएसक्यूएलआय असतं, आणि ब्राउझर तरी नाही म्हणतो. भूतबाधा नाही ही! उबुंटूवर टर्मिनलसाठी एक ‘पीएचपी डॉट आयएनआय’ असते आणि अपाचीसाठी दुसरी, दोघींची फोल्डर वेगळी. तुम्ही एकीत बदल केलात आणि दुसरी तशीच राहिली. कुठली वापरात आहे हे बघायला ‘पीएचपीइन्फो’चं छोटं पान करा आणि त्यातली ‘लोडेड कॉन्फिगरेशन फाइल’ ही ओळ वाचा. काम झालं की ते पान लगेच डिलीट करा. त्यात तुमच्या सर्व्हरची सगळी कुंडली मांडलेली असते.

आणखी एक. फेडोरा, रॉकी किंवा अल्मा वापरत असाल तर तिथे अपाचीचं नाव ‘एचटीटीपीडी’ असतं आणि ‘ए-टू-एन-मॉड’ नसतं. मॉड्यूलच्या ओळी ‘कॉन्फ डॉट मॉड्यूल्स डॉट डी’ या फोल्डरात मिळतात. उबुंटूचं ट्युटोरियल तिथे चालवलं तर ‘कमांड नॉट फाउंड’ येणारच. आणि एकाच लॅपटॉपवर झॅम्प पण आहे, उबुंटूचं अपाची पण आहे, असं असेल तर आधी ठरवा की चालवायचं कुठलं. दोघांनाही ८० नंबरचा पोर्ट हवा असतो. ‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ आला तर तो मॉड्यूलचा एरर नाही, जागेचं भांडण आहे.

हे मात्र नको रे बाबा

घाईत केलेले काही ‘उपाय’ मूळ आजारापेक्षा महाग पडतात.

एक, अपाचीचं सेटिंगचं फोल्डर हाताने उडवून पुन्हा इन्स्टॉल करणं. उबुंटू-डेबियनची पॅकेज व्यवस्था असं मानते की सेटिंगची फाइल तुम्ही मुद्दाम काढली, म्हणजे ती तुम्हाला नकोच आहे. त्यामुळे नुसतं पुन्हा इन्स्टॉल केलं तर ती परत येत नाही. आधी एक ओळ चुकलेली असते, आता सगळंच गायब. बदल करण्यापूर्वी त्या फोल्डरची एक कॉपी काढून ठेवायला दहा सेकंदही लागत नाहीत.

दोन, ७७७ परमिशन. ‘सगळ्यांना सगळं करायची मुभा’ एवढाच त्याचा अर्थ. जी फाइल मुळात नाही, ती परमिशन दिल्याने येणार आहे का? एरर तसाच राहतो, आणि वर दार सताड उघडं.

तीन आणि सगळ्यात धोक्याचं, कुठल्या तरी अनोळखी साइटवरून ‘एसओ’ फाइल उतरवून घेणं. सिस्टिमवर अपाची सुरू होतो तेव्हा त्याची मुख्य प्रोसेस रूटच्या अधिकाराने चालते, आणि मॉड्यूल त्याच वेळी आत घेतली जातात. म्हणजे त्या अनोळखी फाइलला तुम्ही मशीनची मास्टर किल्ली दिलीत. तुमच्या लॅपटॉपवर ठीक, निदान नुकसान तुमचंच. उद्या इंटर्नशिपला कंपनीच्या सर्व्हरवर हीच सवय घेऊन गेलात, तर दुसऱ्यांचा डेटा पणाला लागतो. मॉड्यूल घ्यायचं ते आपल्या डिस्ट्रिब्युशनच्या अधिकृत पॅकेजमधूनच.

मुद्दाम बिघडवा!

पोहणं जसं पुस्तक वाचून येत नाही, तसंच हे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक उबुंटू टाका, अपाची चालू करा आणि त्या अवस्थेचा स्नॅपशॉट घ्या. आता जाणूनबुजून वाट लावा. रीराइट बंद करून बघा. ‘लोड’ फाइलमधल्या पत्त्यात एक अक्षर बदला. मॉड्यूलचं नाव चुकवा. दोन्ही एमपीएम एकदम चालू करा. प्रत्येक वेळी कॉन्फिगटेस्ट चालवा आणि आलेला एरर वहीत उतरवा : काय केलं, काय आलं, कशाने गेलं. रविवारची एक दुपार पुरते. मित्रासोबत करायचं असेल तर एकाने बिघडवायचं आणि दुसऱ्याने शोधायचं. हरणाऱ्याकडून कटिंग!

लिनक्सची सुरुवातच करायची असेल आणि इंग्रजी व्हिडिओ डोक्यावरून जात असतील, तर आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पात लिनक्सचे धडे मराठीतूनही ऐकायला मिळतात, तेही फुकट.

वहीची ती दोन-तीन पानं जपून ठेवा. व्हायवाला ‘प्रोजेक्ट करताना काय अडचण आली?’ हा प्रश्न हमखास येतो आणि बहुतेकांचं उत्तर ‘सर, काही नाही’ असं असतं. तुमच्याकडे सांगायला नाव, ओळ आणि कारण असेल. प्लेसमेंटच्या इंटरव्ह्यूला समोरचा विचारेल, ‘सर्व्हर सुरू होत नाहीये, तू पहिल्यांदा काय करशील?’ तेव्हा ‘रीइन्स्टॉल’ म्हणू नका. ‘कॉन्फिगटेस्ट चालवून एररची शेवटची ओळ वाचेन,’ असं सांगा.